माथेरानचा घोडा आणि त्याचें दावें

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे घरोघर ‘यंदा कोठें जावयाचें?’ या प्रश्नाचा खल सुरू होतो. वडील मंडळींना फार दगदग होऊं नये, मुलांना मनसोक्त हुंदडावयास मिळावें, सुनालेकींना चार दिवस चुलीपासून सुटका मिळावी, आणि खर्चही आवांक्याबाहेर जाऊं नये, या साऱ्या अटी जुळवूं गेलें असतां मुंबई-पुण्याकडील कुटुंबांचें बोट नकाशावर बहुधा माथेरानपाशीं येऊन थांबतें. आमच्याही घरीं तसेंच झालें, आणि थंडीच्या आरंभीं आम्ही आठ दिवस सहकुटुंब तेथें राहून आलों. तेथील कड्यांचीं, सूर्यास्ताचीं आणि चिक्कीच्या दुकानांचीं वर्णनें आजवर पुष्कळ झालीं आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा आमचा विचार नाहीं. ज्याच्या पाठीवर बसून आपण तीं स्थळें पाहतों, त्या मुक्या प्राण्याविषयीं चार शब्द लिहावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

माथेरान म्हणजे माथ्यावरचें रान. समुद्रसपाटीपासून सुमारें २,६०० फूट उंचीचें हें पठार रायगड जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांत आहे. १८५० सालीं ठाण्याचे तेव्हांचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गांवाच्या बाजूनें चढून येथें आले, आणि तेव्हांपासून थंड हवेचें ठिकाण म्हणून त्याचा लौकिक झाला. १९०७ सालीं पीरभॉय कुटुंबाच्या खटपटीनें नेरळपासून वर येणारी, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धांवणारी छोटी आगगाडी सुरू झाली. २००३ सालीं केंद्र सरकारनें माथेरान व त्याच्या भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंत येतात. पुढें गांवांत त्यांना मज्जाव आहे. यामुळें येथील झाडी टिकली, हवा निर्मळ राहिली, आणि मुलांना रस्त्याच्या मधून चालतां येतें. मात्र मोटारीनें जें काम करावयाचें तें कोणास तरी करावें लागतें, आणि त्याचा मोठा वांटा घोड्याच्या पाठीवर पडला आहे.

परवाना मिळालेले सुमारें साडेचारशें घोडे माथेरानांत आहेत. प्रवासी तर त्यांवर बसतातच; परंतु भाजीपाला, दूध, पिठाचीं पोतीं, जळणाच्या टाक्या आणि बांधकामाचें सामानही त्यांच्याच पाठीवरून गांवांत येतें. आपण जेवावयास बसतों तेव्हां पानांतला भातसुद्धां बहुधा घोड्यावर बसूनच आलेला असतो. दस्तुरीला उतरतांच घोड्यांची रांग दिसते. पाठीवर रंगीत झुली, कपाळावर गोंडे, आणि नांवें सिनेमांतल्या नायकांचीं किंवा इतिहासांतल्या घोड्यांचीं. मुलें हरखून जातात, घासाघीस होते, आणि तांबड्या मातीच्या वाटेवरून टापांचा आवाज करीत मंडळी निघते. घोड्याची आपली ओळख एवढीच. सायंकाळीं पैसे देऊन आपण निवासस्थानीं परततों. त्यानंतर घोडा कोठें जातो, काय खातो आणि रात्र कशी काढतो, याचा विचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं.

आम्हांस पहाटे उठून फिरण्याची जुनी संवय आहे. आठ दिवसांचा मुक्काम असल्यामुळें घाई नव्हती. प्रवासी जागे होण्यापूर्वीं आणि ते जेवावयास गेल्यावर आम्ही गांवाच्या मागल्या वाटांनीं हिंडलों, आणि अशा वेळीं जे घोडे दिसले ते झूल-गोंड्यांवांचूनचे, नुसते बांधलेले घोडे होते. पुष्कळ ठिकाणीं व्यवस्था चांगली होती. घराला लागून पत्र्याचें किंवा ताडपत्रीचें छप्पर, खालीं कोरडी जमीन, दोन-तीन जनावरें जवळजवळ, पुढ्यांत गवताची पेंढी आणि बाजूस पाण्याचें पिंप. एक मुलगा तर शाळेच्या वेषांत घोड्याला खरारा करतांना दिसला. गरिबाच्या घरीं माणसालाच जेथें दोन खोल्या मिळत नाहींत, तेथें घोड्यासाठीं एवढें करणें थोडें नव्हे. परंतु सगळ्यांनाच असें छप्पर लाभलेलें नव्हतें.

आमच्या निवासस्थानामागें उताराची एक मोकळी जागा होती. तेथें एक घोडा एकटाच बांधलेला असे. रंगानें तांबूस काळसर, ज्याला जुने लोक कुमाईत म्हणत तसा. वयानें दहा-बारा वर्षांचा असावा. नायलॉनची मोहरकी, तिला एक दोर, आणि दोराचें दुसरें टोंक जमिनींत ठोकलेल्या लोखंडी मेखेला. पहिल्या दिवशीं आम्ही त्याला पाहून पुढें गेलों. दुसऱ्या दिवशीं तो तेथेंच होता. तिसऱ्या दिवशीं दुपारीं पाहिलें, तर ज्या हिरड्याच्या सावलीसाठीं त्याला तेथें बांधलें असावें, ती सावली सरकून दोराच्या पलीकडे गेली होती आणि घोडा उन्हांत मान खालीं घालून उभा होता. पाण्याची बादली दोराच्या हिसक्यानें कलंडली होती. दुपारच्या गवताच्या काड्या संपल्या होत्या, आणि वर्तुळाबाहेर हातभर अंतरावर हिरवें गवत डोलत होतें.

वर्तुळ हा शब्द आम्ही जाणून वापरला. खुंट्याला दोरी बांधून भोंवतीं फिरलें कीं वर्तुळ होतें, हें आम्ही अनेक वर्षें फळ्यावर खडूनें काढून दाखविलें. येथें तें खुरांनीं जमिनीवर काढलेलें होतें. आंतली माती दळलेल्या पिठासारखी झाली होती आणि गवताचें पातें म्हणून शिल्लक नव्हतें. आम्ही पावलांनीं मोजलें. दोर सुमारें सात फुटांचा भरला. सात फूट त्रिज्येचें क्षेत्रफळ १५४ चौरस फूट. एखाद्या मध्यम खोलीएवढी ही जागा झाली. त्याच जागेंत त्यानें खावयाचें, प्यावयाचें, मलमूत्र टाकावयाचें, निजावयाचें आणि व्यायामही करावयाचा. दोर दुप्पट, म्हणजे चौदा फुटांचा केला, तर जागा दुप्पट न होतां चौपट, म्हणजे ६१६ चौरस फूट होते. सात फुटांच्या सुंभानें जनावराच्या आयुष्यांत एवढा फरक पडतो.

घोडा बांधून ठेवणें हाच मुळीं क्रूरपणा आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. माथेरानसारख्या ठिकाणीं तर तसें म्हणतांच येणार नाहीं. चोहोंकडे कडे तुटलेले आहेत, आणि मोकळें सोडलेलें जनावर एखादे रात्रीं बुजून दरींत जावयाचें. प्रश्न दोराचा नसून दोराच्या टप्प्यांत काय काय आहे, हा आहे. घोड्याची शरीररचना पाहिली म्हणजे हें नीट ध्यानांत येतें.

गाय-बैल एकदां पोटभर चरले कीं सावलींत बसून रवंथ करतात. घोड्याला रवंथ नाहीं. त्याचें जठर शरीराच्या मानानें लहान असतें. मोठ्या घोड्याच्याही जठरांत आठ ते पंधरा लिटरच मावतात. मात्र त्यांत आम्लरस दिवसरात्र स्रवत राहतो, मग पोटांत कांहीं असो वा नसो. म्हणूनच रानांत मोकळा असलेला घोडा दिवसाच्या चोवीस तासांपैकीं पंधरा-सोळा तास थोडें थोडें चरत आणि चालत असतो. त्याला सकाळ-संध्याकाळ दोन वेळां भरपूर चंदी दिली आणि मधले आठ तास पुढ्यांत काडी ठेविली नाहीं, तर धन्याला वाटतें आपण खाऊं घातलें, आणि इकडे रिकाम्या जठराला व्रण पडतात. घोड्याला ओकतां येत नाहीं. त्यामुळें पोटांत कांहीं बिघडलें तर तें बाहेर टाकण्याचा मार्ग नाहीं, आणि पोटशूळानें धडधाकट जनावर एका रात्रींत दगावतें. लहान चणीच्या तट्टालाही दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी लागतें. उन्हांत आणि कामाच्या दिवशीं त्याहून अधिक.

झोंपेचेंही तसेंच. घोडा उभ्यानें झोंपतो, हें लहान मुलालाही ठाऊक असतें. परंतु तें अर्धेंच खरें. पायांच्या सांध्यांची रचना अशी आहे कीं त्याला उभ्यानें डुलकी घेतां येते. गाढ झोंपेसाठीं मात्र त्याला आडवें व्हावें लागतें. रोज अर्धा-पाऊण तास तरी अशी झोंप त्याला हवी असते. आडवें होण्यासाठीं कोरडी, सपाट जागा लागते आणि मनाला निर्धास्तपणा लागतो. घोडा हा कळपांतला प्राणी. कळपांत कांहीं निजतात तेव्हां एखादा उभा राहून पहारा करतो. एकट्या बांधलेल्या घोड्याचा पहारा त्यालाच करावा लागतो. आणि संकट आलें तर पळून जाणें हा त्याचा एकमेव उपाय दोरानें आधींच काढून घेतलेला असतो. आमच्या मुक्कामाच्या पहिल्या पांच दिवसांत तो कुमाईत घोडा आम्हांस एकदांही बसलेला दिसला नाहीं.

आपल्या पूर्वजांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्राचें नांव घेतलें जातें, आणि मराठींत घोड्याच्या वैद्याला जो ‘साळोत्री’ शब्द रूढ झाला तो त्याच्याच नांवावरून. अज्ञातवासांत विराटाच्या घरीं नकुलानें घोडे सांभाळण्याचें काम पत्करलें. राजपुत्राला कमीपणा येईल असें तें काम मानलेलें नाहीं. कौटिल्यानें तर अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत अश्वशाळा कशी असावी, हें स्थापत्यकाराच्या नेमकेपणानें सांगितलें आहे. शाळेची रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट असावी, मध्यें त्याला लोळावयास जागा असावी, प्रत्येक घोड्यास गुळगुळीत फळ्यांची चौरस जागा, खाण्याचें पात्र आणि मलमूत्र वाहून जाण्याची सोय असावी. लढाया आणि कर यांचा विचार करणाऱ्या त्या कठोर राजनीतिज्ञानें घोड्याच्या लोळण्याची आठवण ठेविली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. अमरकोशांत घोड्याचीं तेरा नांवें आहेत. त्यांतलीं तुरग, तुरंग, तुरंगम हीं तिन्ही त्याच्या त्वरेनें जाण्यावरून पडलीं, आणि वाह हें वाहून नेण्यावरून. बांधून ठेवण्यावरून पडलेलें नांव त्यांत एकही नाहीं.

आणि संस्कृतापर्यंत तरी कशाला जावयाचें? भाकरी कां करपली, पान कां सडलें, घोडा कां अडला, या तीन प्रश्नांना एकच उत्तर देणारें कोडें आमच्या आजीनें आम्हांला घातलें होतें आणि तुमच्याही आजीनें तुम्हांला घातलें असेल. न फिरविल्यामुळें! हें उत्तर आपण सारे हंसत हंसत देत आलों.

पांचव्या दिवशीं सायंकाळीं त्या घोड्याचा धनी भेटला. तिशी-पस्तिशीचा, दिवसभर चालून थकलेला माणूस. दुसऱ्या एका घोड्याला हातीं धरून तो येत होता आणि डोक्यावर गवताची पेंढी होती. आम्ही त्याला आधीं दोष दिला नाहीं. घोड्याचें नांव विचारलें.

“मोती,” तो म्हणाला. “चांगला आहे बाबा, गरीब आहे. पण पुढचा उजवा खूर चिरला. तीन आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना काम देऊं नका, विश्रांति द्या.”

“मग ही विश्रांति का?” आम्ही विचारलें.

तो थोडा गप्प राहिला. “घरामागं छपरात दोनच जनावरं मावतात. तिथं ठेवला तर दुसरा याला लाथा मारतो. मोकळा सोडला तर कड्याकडं जाईल, नाहीतर कुणाच्या बागेत शिरेल. आणि मी सकाळी सहाला निघतो तो या वेळेला येतो. हा एक चालतो म्हणून दोघं खातात, बाबा.”

त्याच्या बोलण्यांत लबाडी नव्हती. गवत, कोंडा, चणे सारें डोंगराखालून वर यावयाचें. त्यामुळें तें महाग. एका घोड्याच्या मिळकतींत दोन घोडे आणि घरचीं पांच माणसें. डॉक्टरानें विश्रांति सांगितली होती. तिच्या जागीं कैद झाली, ती दुष्टपणानें नव्हे, हातीं वेळ आणि जागा नव्हती म्हणून. पाठीवर ओझें नाहीं म्हणजे जनावर सुखांत आहे, असा समज केवळ त्या माणसाचा नव्हे. आपल्यापैकींही पुष्कळांचा असतो. वस्तुतः काम करणारा घोडा दिवसांतून चार वेळां पाणी पितो, इतर घोड्यांत उभा राहतो, चालतो. बिनकामाचा घोडा मात्र चोवीस तास एका मेखेभोंवतीं राहतो.

आम्ही त्याच्याजवळ बसलों आणि काय करतां येईल याचा दोघांनीं मिळून विचार केला. उपदेश करावयाचा तर तो फुकटचा होता; म्हणून ज्याला पैसा लागणार नाहीं असें काय आहे, तेंच पाहिलें. दोन मेखांच्या मध्यें जमिनीलगत घट्ट दोर ताणावयाचा, त्यांत एक लोखंडी कडी ओंवावयाची आणि घोड्याचें दावें त्या कडीला बांधावयाचें, ही युक्ति त्यालाच आठवली; त्याचे वडील तसें करीत. एकवीस फूट दोर ताणला, तर सात फुटांच्या त्याच दाव्यानें घोड्याला १५४ च्या जागीं ४४८ चौरस फूट मिळतात. हें गणित आम्ही मातींत काडीनें मांडून दाखविलें आणि त्यानें तें लक्ष देऊन पाहिलें. दोराचें एक टोंक हिरड्याच्या सावलीकडे आणि दुसरें जांभळीच्या सावलीकडे आलें, म्हणजे सकाळीं एक व दुपारीं दुसरी सावली त्याला आपल्या पायांनीं गांठतां येते. बादली कलंडूं नये म्हणून ती मोटारीच्या जुन्या टायरांत बसविली. लीद रोज काढावयाची आणि एका बाजूस वाळलेला पाला पसरावयाचा, हें काम त्याच्या धाकट्या मुलीनें आपण होऊन पत्करलें. दुपारचें गवत आमच्या नातवंडांनीं घालावयाचें ठरलें; तें एका वेळीं न टाकतां जाळींत भरून टांगलें, म्हणजे घोड्याला एकेक काडी ओढून खावी लागते आणि तीच पेंढी तीन तास पुरते. रात्रीं दुसरा घोडा लाथ पोहोंचणार नाहीं परंतु दृष्टीस पडेल, इतक्या अंतरावर बांधला.

सातव्या दिवशीं पहाटे पाहिलें, तर मोती पाल्यावर अंग टाकून निजला होता. आमच्या चाहुलीनें उठला नाहीं. थोड्या वेळानें तो जागा झाला, पाठीवर लोळला, चारी पाय हवेंत झाडले, आणि उठून सारें अंग असें हालविलें कीं धुळीचा एक ढग उडाला. धाकट्या नातीला ती मोठी गंमत वाटली.

आतां या व्यवस्थेला कायद्याचा आधार आहे काय, असें कोणी विचारील. आहे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालीं झाला. त्याच्या ११ व्या कलमांत, अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड दोरानें वा सांखळीनें जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणें हा अपराध ठरविला आहे. तसेंच धन्यानें पुरेसें अन्न, पाणी किंवा निवारा न देणें हाही अपराधच आहे. त्यानंतर १९६५ सालीं झालेल्या नियमांत ओझ्याच्या तट्टावर ७० किलोहून अधिक भार घालूं नये, जनावराला दिवसांत नऊ तासांहून अधिक आणि सलग पांच तासांहून अधिक राबवूं नये, असें सांगितलें आहे. परंतु कायद्यानें पहिल्या अपराधास ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. आज पन्नास रुपयांत मुलाला एक चिक्कीचा पुडाही धड मिळत नाहीं. शिवाय ‘अवाजवी’ म्हणजे किती फूट आणि किती तास, हें कलमांत मोजून दिलेलें नाहीं. तें पाहणाराच्या विवेकावर सोडलें आहे. तेव्हां कायदा आहे हें जाणावें, उघड छळ दिसला तर त्याचा आधार अवश्य घ्यावा. परंतु त्यानें सावली सरकत नाहीं कीं बादली भरत नाहीं.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. कित्येक सज्जन म्हणतात कीं घोड्यांवर बसणेंच बंद करा, म्हणजे त्यांचे हाल संपतील. मुंबईंत जून २०१५ मध्यें उच्च न्यायालयानें व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या. माथेरानांतही काळ बदलत आहे. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनें तेथें विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि २०२५ सालीं माणसानें माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्या, असा आदेश झाला. माणसाला माणसानें ओढणें थांबलें पाहिजे, याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. परंतु घोडेवाल्यांनीं ई-रिक्षांना विरोध केला, तोही समजून घ्यावयास हवा. रस्त्यांवर ठोकळे बसविल्यानें घोडे घसरतात, ही त्यांची तक्रार आहे. आणि गिऱ्हाईक तुटलें तर चारा कोठून आणावयाचा, ही त्याहून मोठी.

हातरिक्षा बंद झाली तर ती कोपऱ्यांत गंजत पडते. तिला भूक लागत नाहीं. घोडा वीस-पंचवीस वर्षें जगतो. त्याची मिळकत संपली त्या दिवशीं तो मोकळा होत नाहीं. तो फक्त मोतीसारखा एका मेखेशीं बांधला जातो, आणि तेव्हां त्याला गवत आणून देणारा, कमावणारा दुसरा घोडाही उरलेला नसतो. म्हणून घोड्यांचें काम कमी करावयाचें असेल तर नवे परवाने हळूहळू कमी करावे, जे घोडे आहेत त्यांच्या म्हातारपणाची तरतूद आधीं करावी, आणि घोडेवाल्याला दुसरा धंदा हातीं द्यावा. दयेच्या भरांत हा क्रम उलटा झाला, तर तिची किंमत मुक्या जनावरालाच द्यावी लागेल.

पावसाळ्याचे चार महिने म्हणजे या साऱ्याची दर वर्षींची परीक्षाच. माथेरानचा पाऊस किती प्रचंड, हें ज्यांनीं पाहिलें त्यांनाच कळेल. प्रवासी थांबतात, मिळकत थांबते. ओल्या जमिनींत उभें राहून खूर कुजतात, भिजलेल्या पाठीला खपल्या धरतात. अशा वेळीं शिवछत्रपतींनीं राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील छावणींतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्राची आठवण होते. पावसाळ्यासाठीं जमविलेला दाणा-गवत आधींच उधळून टाकाल तर पुढें घोड्यांना उपास पडतील, तीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल, अशी स्पष्ट ताकीद त्यांत आहे. राज्याच्या एवढ्या व्यापांत महाराजांनीं गवताच्या गंजीला दिव्यामुळें आग लागूं नये, इतक्या बारकाव्याचीही काळजी वाहिली. घोडा कामाचा असतो त्या महिन्यांचा विचार सगळेच करतात. महाराजांनीं बेगमी केली ती त्याच्या बिनकामाच्या महिन्यांची.

आपण प्रवासी मंडळी घोड्याचे धनी नसलों, तरी दोन-चार तासांचे धनी होतों, आणि तेवढ्या वेळांत पुष्कळ करतां येतें. घोडा ठरविण्यापूर्वीं भाव विचारतों, तसें खोगीर उचलून पाठ पाहावी. जखम असेल किंवा बरगड्या मोजतां येत असतील, तर त्याच्यावर बसूं नये आणि कां बसत नाहीं हें धन्याला सौम्य शब्दांत सांगावें. अंगानें स्थूल असणाऱ्यांनीं लहान तट्टू टाळून पायीं चालावें. त्यांच्याही प्रकृतीला तें हितकर आहे. तीव्र उतारावर खालीं उतरावें. मुलांच्या हट्टासाठीं दौडवूं नये. फेरी संपली कीं तो पाणी केव्हां प्याला, रात्रीं कोठें बांधतां, असे दोन प्रश्न विचारावे. आम्हीं ते अनेकांना विचारले. कोणी रागावलें नाहीं, उलट चांगली निगा राखणाराला अभिमान वाटला आणि त्यानें हात धरून आपलें छप्पर दाखवावयास नेलें. अशा माणसाला भाव न पाडतां पैसे द्यावे, आणि शेजारीं-पाजारीं त्याचेंच नांव सांगावें. चांगल्या छपराला अधिक गिऱ्हाईक मिळतें असें दिसूं लागलें, तर पुढच्या वर्षीं आणखी चार छपरें उभीं राहतील.

आणि माथेरानलाच कशाला, आपल्या गल्लींत, देवळामागें, लग्नाच्या वरातीनंतर मंगल कार्यालयाच्या कुंपणापाशीं, जेथें जेथें एखादें जनावर बांधलेलें दिसेल, तेथें क्षणभर थांबून पाहावें: त्याच्या दाव्याच्या टप्प्यांत पाणी आहे का, सावली आहे का, कोरडी जागा आहे का, तोंडांत घालावयास काडी आहे का, आणि त्याच्या जातीचें दुसरें कोणी त्याला दिसतें आहे का. या पांचांपैकीं जें नसेल, तें धन्याशीं गोडीनें बोलून पुरें करावें. बहुतेक वेळां त्याला एक बादली पाणी आणि अर्धा तास याहून अधिक कांहीं लागत नाहीं.